पित्ताचा खडा आणि घरातला हिशेब

पत्राचा सारांश: बेळगाव तालुक्यातल्या एका गावातून ३६ वर्षांच्या वाचक ताईंनी लिहिलं आहे. पाळीच्या तक्रारीसाठी स्कॅनिंग केलं. गर्भाशय ठीक निघालं, पण पित्ताशयात ६ ते ८ मिलिमीटरचे तीन खडे दिसले. शहरातले सर्जन म्हणाले, काढून टाका. गावातले नेहमीचे डॉक्टर म्हणाले, दुखत नाही तर हात लावू नका. सासूबाईंच्या मते हे बाजारात जाऊन गोबी आणि भजी खाल्ल्याचं फळ, "आमच्या घराण्यात कुणाला असलं झालं नाही." नवऱ्याला बोअरच्या पाण्याचा संशय, त्यांनी फिल्टर मशीन आणून बसवलं. निपाणीचे मामा कुळथाचं कढण आणि पानफुटी घ्यायला सांगतात. गेल्या वर्षी दिराच्या लग्नाआधी ताईंनी फोनवरच्या एका ग्रुपचा आहार पाळून अडीच महिन्यांत १७ किलो वजन उतरवलं होतं: एक वेळ जेवण, तेल-तूप बंद. त्यांच्या आईचंही पूर्वी "पोट फाडून खडे काढले" होते. धाकट्या बहिणीचं कोल्हापूरकडे जमत आलंय, म्हणून माहेरून निरोप आहे की सध्या कुठं बोलू नकोस. अकरा वर्षांच्या मुलीचंही स्कॅनिंग करून घ्यावं का, असं त्या विचारतात. आणि पत्राच्या अगदी शेवटी: "तसा मला त्रास काही नाही. जत्रेच्या रात्री मटणाच्या जेवणानंतर एकदा छातीखाली कळ येऊन पाठीत गेली होती, दोन तास तळमळले, उलटी झाली. पण ते पित्तच असणार."

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्या वाचनात सासूबाई, पाणी आणि बहिणीचं लग्न यांतच मी अडकले. दुसऱ्या वाचनात जत्रेच्या रात्रीवर थांबले. तुम्ही ती गोष्ट जाता जाता सांगितलीत, आणि माझ्या मते अख्ख्या पत्रात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. तिच्याकडे येतेच. पण आधी घरातला हिशेब मिटवू, कारण तो डोक्यात असेपर्यंत तुम्ही शांतपणे काही ठरवाल असं वाटत नाही.

तुमच्या पत्रात "मलाच का" हा प्रश्न तीन वेळा आलाय. युरोप-अमेरिकेत शंभर मोठ्या माणसांपैकी १० ते १५ जणांच्या पित्ताशयात खडे असतात. अमेरिकेतल्या पिमा या आदिवासी समाजात तर तिशीच्या आसपासच्या बायकांत शंभरातल्या सत्तरजणींकडे ते सापडले होते. आपल्याकडे प्रमाण बरंच कमी. गंगेच्या खोऱ्यात आणि काश्मीरमध्ये लोकांमध्ये जाऊन सोनोग्राफी केली गेली, तेव्हा शंभरात साधारण ४ ते ६ जणांत खडे मिळाले, बायकांत पुरुषांच्या दुपटी-तिपटीने. दक्षिणेत त्याहून कमी. आपण बेळगावकर नेहमीप्रमाणे मधल्यामध्ये. समजा, फक्त अंदाजासाठी, शंभरात तीन धरले. तुमच्या गावात दोन हजार मोठी माणसं असतील तर साठ जण झाले. सोसायटीच्या बैठकीला येतात त्यापेक्षा जास्त! त्या साठांतल्या बहुतेकांना आपल्या पोटात काय आहे याचा पत्ता नाही आणि पुष्कळांना तो कधी लागणारही नाही.

कारण शंभरातले ऐंशीएक खडे मुके असतात. दुखत नाहीत, खुपत नाहीत. दुसऱ्याच कशासाठी स्कॅनिंग करायला जावं आणि डॉक्टरनं म्हणावं, "अहो, इथं खडे पण दिसतायत." तुमचं झालं तेच. अमेरिकेत मिशिगन विद्यापीठातल्या अशा १२३ लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं. १९८२ मध्ये निष्कर्ष छापून आले. पहिल्या पाच वर्षांत शंभरातल्या दहांना त्रास झाला, पंधरा वर्षांत अठरांना. बाकीच्यांचे खडे जिथल्या तिथं पडून राहिले.

म्हणून "आमच्या घराण्यात कुणाला नव्हतं" या वाक्याचा खरा अर्थ "आमच्या घराण्यात कुणाचं स्कॅनिंग झालं नव्हतं" एवढाच. हे सासूबाईंना असंच्या असं ऐकवू नका. तुमच्या मनाशी ठेवा.

आता हे खडे होतात कुणाला? वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना पाठ करायला इंग्रजी 'एफ'ने सुरू होणारे पाच शब्द देतात. मराठीत त्यांचा अर्थ लठ्ठ, बाई, चाळिशीची, मुलंबाळं झालेली, गोरी. मलाही हेच शिकवलं. पुढं गावात दवाखाना चालवताना कळलं की या यादीने जेवढं समजतं तेवढंच चुकतंही. वडगावचा सडपातळ विणकर पोट धरून येतो, तेव्हा तो यादीत बसत नाही म्हणून त्याला आठ महिने ॲसिडिटीच्या गोळ्या मिळत राहतात. आणि गोरं असण्याचा मुद्दा आपल्याकडे कशाला हवा होता, देव जाणे.

यादीत खरं काय ते सांगते. उजव्या बरगडीखाली, यकृताला चिकटून, लांबट वांग्यासारखी एक छोटी पिशवी असते. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं. त्यातलं थोडं या पिशवीत साठतं, आटतं आणि तेल-तूप खाल्लं की पिशवी आवळून ते आतड्यात सोडते. तुमच्या घरी काकवीची बरणी असेल. जुनी झाली, हलवली नाही, की तळाशी साखरेचे खडे धरतात. पित्ताचंही तसंच. त्यात कोलेस्टेरॉल पेलवेल त्यापेक्षा जास्त झालं आणि पिशवी वेळच्या वेळी रिकामी झाली नाही, की खडा धरतो. बाईच्या शरीरातलं इस्ट्रोजेन पित्तात कोलेस्टेरॉल वाढवतं. गरोदरपणात तर त्याच्या जोडीला पिशवीही सुस्तावते. प्रत्येक बाळंतपण या बाबतीत थोडी थोडी भर घालतं. गरोदरपणात दिसलेला गाळ बाळंतपणानंतर बऱ्याचदा आपोआप जातो, पण सगळ्यांचा नाही. तुमची दोन बाळंतपणं झाली. त्यात गोबीचा काय दोष?

वाढतं वय, वाढलेलं वजन, मधुमेह, ही कारणं आहेतच. आईला किंवा बहिणीला असेल तर आपल्याला होण्याची शक्यता वाढते. स्वीडनमध्ये त्रेचाळीस हजारांहून जास्त जुळ्यांच्या जोड्या तपासून असं मांडलं गेलं की दुखणाऱ्या खड्यांमागं साधारण चौथा हिस्सा आनुवंशिकतेचा असतो. उरलेला राहणीचा आणि परिस्थितीचा. काही खडे कोलेस्टेरॉलचे नसतातच. रक्तातल्या तांबड्या पेशी फार लवकर फुटत असतील, म्हणजे सिकल सेलसारख्या आजारात, बिलिरुबिनचे काळे खडे होतात, अगदी पोरवयातसुद्धा. दक्षिण भारतात असे रंगद्रव्याचे खडे उत्तरेपेक्षा जास्त दिसतात. त्यांचा चरबी खाण्याशी सुतराम संबंध नाही.

आणि आता तुमचे १७ किलो. हे लिहिताना मला जपून लिहायचंय, कारण सासूबाईंच्या हातातली काठी काढून मी तुमच्याच हातात देते आहे असं व्हायला नको. पण ठाऊक असायला हवं. वजन झपाट्याने उतरतं तेव्हा अंगातली चरबी वितळून तिच्यातलं कोलेस्टेरॉल पित्तात येतं. त्यात जेवण एकच वेळ आणि तेही बिनतेलाचं, म्हणजे पिशवीला आवळायचं कारणच उरत नाही. पित्त पडून राहतं. बरणी हलवलीच नाही. फार कमी उष्मांकाच्या आहारावर काही आठवड्यांत नवे खडे झाल्याचं पुष्कळ रुग्णांत दिसलं आहे, आणि लठ्ठपणाच्या ऑपरेशननंतर तर ही नेहमीची भीती असते. म्हणजे गंमत बघा: घरात सगळे म्हणतायत तेल खाऊन झालं, आणि कदाचित तेल एकाएकी सोडल्यामुळे झालं असेल. कदाचितच. तुमचे खडे त्याआधीपासूनही असतील. जुनं स्कॅनिंग नसेल तर ते कुणीच सांगू शकणार नाही. आणि तुम्ही काय केलंत? सगळे सांगतात तेच केलंत, वजन कमी केलंत. फक्त घाईनं केलंत, कारण लग्नाची तारीख ठरली होती. पुढं कधी करायचं झालं तर आठवड्याला अर्धा ते एक किलो, जेवण दोन-तीन वेळा, आणि प्रत्येक जेवणात चमचाभर तरी तेल किंवा तूप. नवरात्रात नऊ दिवस नुसत्या पाण्यावर राहणाऱ्या बायकांनाही माझं हेच सांगणं आहे, देवीची माफी मागून.

आता जत्रेची रात्र.

"ते पित्तच असणार," असं तुम्ही लिहिलंय. आपल्या मराठीत हा एक शब्द तीन घरची कामं करतो. छातीत जळजळलं, आंबट ढेकर आली, की 'पित्त झालं'. अंगावर लाल गांधी उठल्या की 'पित्त उठलं'. आणि यकृतातून येतं तेही पित्त. पहिलं जठरातलं आम्ल, दुसरी ॲलर्जी, तिसरंच काय ते खरं पित्त. या गोंधळाने दोन्ही बाजूंनी माणसं फसतात. ज्यांना नुसती जळजळ असते त्यांचं स्कॅनिंग होतं, मुका खडा दिसतो, तोच गुन्हेगार ठरतो, ऑपरेशन होतं आणि जळजळ होती तशीच राहते. उलट ज्यांना खरोखर खड्याची कळ येते ती माणसं "पित्त आहे" म्हणून वर्षानुवर्षं कोकम-सरबत पितात. तुम्ही दुसऱ्या गटातल्या असाल, अशी मला शंका आहे.

खड्याची कळ ओळखायची कशी? ती छातीखाली मध्यावर किंवा उजव्या बरगडीखाली येते. मळमळ, उलटी होते. कळ उजव्या खांद्यात किंवा पाठीत दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मध्ये जाते. भरल्या जेवणानंतर, पुष्कळदा रात्री. वाढत जाते, मग अर्धा तास ते काही तास एकसारखी धरून ठेवते आणि सुटते तेव्हा पूर्ण सुटते. सकाळी माणूस चहा पिऊन कामाला लागतो. शौचाला जाऊन, ढेकर देऊन, कूस बदलून ती थांबत नाही. तुमचं वर्णन याच्याशी बरंच जुळतं. पत्रावरून निदान करायचं नसतं आणि मी करतही नाही. एका रात्रीवरून खात्रीही देता येत नाही. पण तुम्ही दोन्ही डॉक्टरांना ही रात्र सांगितली होती का? मला वाटतं, नाही. गावातल्या डॉक्टरांनी 'दुखत नाही तर हात लावू नका' म्हटलं, ते त्यांच्यासमोर आलेल्या माहितीवर अगदी योग्य होतं. सर्जननी तुम्हाला विचारूनच 'काढा' म्हटलं असेल तर तेही योग्य, नुसता रिपोर्ट बघून म्हटलं असेल तर घाईचं. दोन डॉक्टरांत मतभेद आहे असं तुम्हाला वाटतंय. माझ्या मते दोघांनी दोन वेगवेगळ्या बायकांबद्दल मत दिलंय: एकीला दुखत नाही, दुसरीला दुखतं. तुम्ही त्यातल्या कोण, हे तुम्हीच सांगायचंय.

तर पहिलं काम: एका कागदावर ती रात्र लिहून काढा. कधी सुरू झालं, कुठं दुखलं, किती वेळ, ताप होता का, लघवी गडद झाली होती का. मागं अजून अशी कुठली रात्र आठवते का, तेही. कानडीत बोलावं लागणार असेल आणि कानडीत नेमकं सांगायला अडखळायला होत असेल, तर कुणाला तरी सोबत न्या. 'कल्लु आहे' एवढंच सांगून भागणार नाही, कारण कानडीत मूत्रपिंडातलाही कल्लु आणि पित्ताशयातलाही कल्लुच. कागद आणि स्कॅनिंगचा रिपोर्ट घेऊन पुन्हा सर्जनकडे जा आणि सरळ विचारा: "ही कळ खड्याची होती का?" रिपोर्टमध्ये पित्ताशयाची भिंत जाड झाली आहे का आणि पित्तनलिका फुगली आहे का, हेही समजावून घ्या. यकृताची साधी रक्ततपासणी झाली नसेल तर ती करायची का, तेही विचारा.

ते 'नाही, ही कळ वेगळी' म्हणाले, तर तुम्ही मुक्या खड्याच्या मालकीण. मग काही करायचं नाही. दर तीन महिन्यांनी स्कॅनिंगही नको. खडा ६ चा ७ मिलिमीटर झाला का हे मोजत बसण्यात पैसे आणि झोप दोन्ही जातात. मुका खडा काढण्याची कारणं मोजकी आहेत: फार मोठा, म्हणजे ३ सेंटिमीटरच्या वरचा खडा, सोबत मोठा मांसल अंकुर, भिंतीत चुना बसलेला, सिकल सेलसारखा आजार. "राहू दिला तर कॅन्सर होतो" असं कुणी घाबरवलं तर एवढं ध्यानात ठेवा की पित्ताशयाचा कॅन्सर गंगेच्या पट्ट्यात आणि आसामकडे बराच दिसतो, दक्षिणेत खूप कमी. आणि खडे असलेल्यांतही तो थोड्यांनाच होतो.

ते 'हो' म्हणाले, तर माझा कल ऑपरेशनकडे. एकदा कळ आली की ती पुन्हा येण्याची शक्यता बरीच असते, आणि आता येते ती कुठल्या वेळी येईल सांगता येत नाही: भातलावणीत, बहिणीच्या लग्नात, मध्यरात्री. कळ नसताना, ठरवून, मुलींच्या सुट्टीत केलेलं ऑपरेशन आणि ताप भरून सुजलेल्या पित्ताशयाचं ऑपरेशन यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. अर्थात उद्याच्या उद्या करा असंही नाही. चार-सहा आठवडे इकडेतिकडे चालतं, मधे कळा वाढल्या नाहीत तर.

ऑपरेशनचं नाव काढलं की तुमच्या डोळ्यांपुढं आईच्या पोटावरचा वीतभर व्रण येत असणार. पूर्वी तसंच होतं. १८८२ मध्ये बर्लिनच्या लांगेनबुख यांनी पहिल्यांदा पित्ताशय काढलं आणि पुढची शंभर वर्षं पोट उघडूनच ते काढत. दुर्बिणीतून काढण्याची पद्धत जर्मनीत १९८५ मध्ये सुरू झाली. आपल्या देशात १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. टेहेमटन उडवाडिया यांनी ती आणली. आता बेळगावात हे रोजचं काम आहे. पूर्ण भूल, चार लहान भोकं, बहुधा एक-दोन दिवसांत घरी, दोनेक आठवड्यांत नेहमीची कामं. पाण्याच्या घागरी मात्र थोड्या उशिरा. नुसते खडे काढत नाहीत, पिशवीच काढतात, कारण पिशवी ठेवली तर ती पुन्हा खडे धरते. पिशवीवाचून पचन थांबत नाही, पित्त थेट आतड्यात येत राहतं. काहींना काही दिवस पातळ शौचाला होतं. धोका शून्य नाही: हजारात तीन-चार जणांत पित्तनलिकेला इजा होऊ शकते आणि कधी अर्ध्यावर पोट उघडावं लागतं. सर्जनला "तुम्ही महिन्याला अशी किती करता?" हे विचारायला लाजू नका. चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही.

आईला एक विचारा मात्र. तिचे 'खडे' पित्ताशयातले होते की मूत्रपिंडातले? आमच्या वेळी खेड्यात दोन्हींना खडेच म्हणायचे आणि कागद कुणी ठेवले नाहीत. व्रण उजव्या बरगडीखाली तिरका असेल तर पित्ताशयाचा असण्याची शक्यता जास्त, कुशीवर मागं गेला असेल तर मूत्रपिंडाचा. या उत्तराने तुमचा निर्णय बदलणार नाही, पण 'आमच्या घराण्यात' या वादाची अर्धी हवा निघून जाईल.

निपाणीच्या मामांचं कढणही याच गोंधळातून आलंय. कुळीथ, पानफुटी, भरपूर पाणी हे सगळं मुतखड्यासाठी सांगतात. मुतखडा लघवीच्या वाटेवर असतो, पाणी पिऊन लघवी वाढली की लहान खडा वाहून जाऊ शकतो. पित्ताशयाची ती वाटच नाही. बादलीभर पाणी प्यायलात तरी त्यातला थेंब पित्ताशयातल्या खड्यापर्यंत जात नाही. कुळीथ चांगलाच, पिठलं करून खा, भाताबरोबर झकास लागतं. औषध म्हणून नको. फिल्टर मशीनचंही तेच: बोअरच्या जड पाण्याने पित्ताचे खडे होतात असं मानायला आधार नाही. नवऱ्याला बोलू नका. माणसाला काळजी वाटली की तो काहीतरी विकत आणतो. पाणी तरी चवीला बरं लागेल.

ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस रात्री पिऊन सकाळी "खडे पडले" म्हणणारे व्हिडिओ तुमच्यापर्यंत आले असतील. शौचात पडतात ते हिरवट मऊ गोळे. तपासले तेव्हा त्यात खडा नव्हता, प्यायलेल्या तेलाचाच पोटात साबण झाला होता. एवढं तेल एका दमात घेतल्याने खरी कळ मात्र उठू शकते. खडा विरघळवण्याची गोळी डॉक्टर देतात, ती खोटी नाही. पण ती फक्त लहान, कोलेस्टेरॉलच्या खड्यांना थोडीफार लागू पडते, सहा महिने ते दोन वर्षं रोज घ्यावी लागते आणि बंद केल्यावर पाच वर्षांत निम्म्या लोकांना खडे परत होतात. ऑपरेशन करताच येणार नाही अशा माणसासाठी ठीक.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण सांगायलाच हवी. पाळीच्या तक्रारीसाठी डॉक्टर बाईंनी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या असतील किंवा देणार असतील, तर त्यांना हे खडे सांगा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी खड्यांची शक्यता थोडी वाढते. त्या दुसरं काही निवडतील.

आणि घाईनं दवाखान्यात जायच्या वेळा. कळ पाच-सहा तासांत सुटली नाही. थंडी वाजून ताप आला. डोळे पिवळे झाले, लघवी चहासारखी, शौच पांढुरकं. असं झालं तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात, रात्र असली तरी. कावीळ दिसली की आपल्याकडे आधी उतरवायला नेतात, माळ घालतात. खडा नलिकेत अडकून झालेली कावीळ माळेने उतरत नाही आणि वाट पाहण्यात स्वादुपिंडाला सूज येऊन माणूस हातचा जाऊ शकतो. अजून एक: पन्नाशीच्या पुढच्या किंवा मधुमेह असलेल्या माणसाला छातीखाली अशी कळ आली तर आधी हृदयाचा कागद, म्हणजे ईसीजी काढा, मग खड्याचा विचार करा. तुमच्यासाठी नाही, हे वाचणाऱ्या काकांसाठी लिहितेय.

खाण्याचं फार लांबवत नाही. ऑपरेशन होईपर्यंत एका वेळी पोट तुडुंब भरू नका, तळण आणि चरबीचं मटण कमी ठेवा, बाकी घरचं जेवा. तिखटाने खडे होत नाहीत, ठेचा खा. रोज चालणाऱ्यांत आणि मूठभर सुकामेवा खाणाऱ्यांत खड्यांचा त्रास कमी दिसतो. खानापूरचे काजू जवळ आहेत, निमित्तही मिळालं. कॉफी पिणाऱ्यांतही तो कमी दिसतो, पण म्हणून चहा सोडा असं बेळगावात कुणाला सांगायची माझी हिंमत नाही.

खर्चाचं. बीपीएल रेशनकार्ड असेल तर आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, पण काही ऑपरेशनं आधी सरकारी दवाखान्यातच करावी लागतात किंवा तिथलं पत्र लागतं. शेतीमुळे नवरा सहकारी सोसायटीचा सभासद असेल तर यशस्विनी या कर्नाटकातल्या सहकारी सभासदांच्या आरोग्य योजनेचं कार्ड आहे का बघा. महाराष्ट्र सरकारनेही २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांसाठी महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली. कुठल्या दवाखान्यात, कुठल्या कागदांवर, हे भरती होण्याआधी त्या दवाखान्यातल्या योजनेच्या खिडकीवरच विचारा. दाखल झाल्यावर विचारलं की "आता उशीर झाला" असंच ऐकू येतं.

मुलीचं स्कॅनिंग नको. अकराव्या वर्षी, पोट दुखत नसताना, रक्ताचा आजार नसताना काही शोधायला जाऊ नये. पुढं वजन कमी करायचं वेड तिच्या डोक्यात शिरलं तर तेव्हा तिला तुमचे १७ किलो सांगा.

बहिणीच्या लग्नाचं मला थोडं हसू आलं आणि थोडं वाईटही वाटलं. आपल्याकडे चष्मा लपवतात, कोड लपवतात, आता खडाही. ज्या मुलाच्या घरी सांगायला घाबरताय त्या घरात आत्या, मावश्या, आजी धरून दहा-बारा मोठी माणसं असतीलच. त्यांतल्या एखादीच्या पोटात खडा नसेलच, असं त्यांनाही शपथेवर सांगता येणार नाही. मुद्दाम जाऊन सांगायची गरज नाही, कारण ही सांगण्यासारखी खोटच नव्हे. पण ऑपरेशन लग्नाआधी करायचं ठरलं तर 'गावाला गेलीये' असली थाप मारू नका. "पित्ताशयाचं छोटं ऑपरेशन झालं," बस्स. उलट बहिणीला मात्र नीट सांगा. तुम्हाला खडे, कदाचित आईलाही, म्हणजे तिला शक्यता जास्त. लग्नाआधी ती एक वेळ जेवत असेल तर आजच थांबवा.

राहिल्या सासूबाई. तुमच्या मनात आलंच असेल, एकदा यांचंच स्कॅनिंग करून आणावं! साठीपुढच्या बाईच्या पोटात खडा निघण्याची शक्यता तुमच्यापेक्षा जास्तच असते, तेव्हा तुम्ही जिंकण्याची संधी बरी आहे. तरी नेऊ नका. त्यांचं दुखत नाहीये. खडा निघाला तर तीन दिवस तुमचं खरं होईल आणि मग वर्षभर त्यांच्या पथ्याचं जेवण तुम्हालाच वेगळं रांधावं लागेल.